पहिली भारतीय महिला डॉक्टर कोण? आनंदीबाई, कादंबिनी आणि रखमाबाई यांच्याविषयीचे रूढ गैरसमज

भारतातील पहिली महिला डॉक्टर कोण, या प्रश्नाला महाराष्ट्रात आनंदीबाई जोशी हे उत्तर मिळते, तर बंगालमध्ये कादंबिनी गांगुली. पहिल्या ‘व्यवसाय करणाऱ्या’ डॉक्टर म्हणून रखमाबाईंचे नाव पुढे केले जाते आणि तमिळ प्रदेशात डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डी यांना हा मान देणारेही आढळतात. मुथुलक्ष्मी मद्रास मेडिकल कॉलेजातून १९१२ मध्ये उत्तीर्ण झाल्या, त्यामुळे कालक्रमाने त्यांचे नाव या वादात बसत नाही. उरलेल्या तिघी मात्र एकाच पिढीच्या आहेत. कादंबिनींचा जन्म १८६१ चा, रखमाबाईंचा १८६४ चा आणि आनंदीबाईंचा १८६५ चा. तिघींबद्दल ‘पहिली’ हे विशेषण वापरता येते, पण प्रत्येकीच्या बाबतीत त्याचा अर्थ वेगळा आहे. तो अर्थ गाळून नुसते विशेषण उरले की चुका सुरू होतात.

आनंदीबाईंना ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियातील विमेन्स मेडिकल कॉलेज ऑफ पेनसिल्व्हेनियाची एम. डी. पदवी मिळाली. कादंबिनी त्याच वर्षी कलकत्ता मेडिकल कॉलेजातून जी. बी. एम. सी. (ग्रॅज्युएट ऑफ बेंगाल मेडिकल कॉलेज) झाल्या. आनंदीबाई परदेशी जाऊन पाश्चात्त्य वैद्यकाची पदवी मिळवणाऱ्या पहिल्या हिंदू स्त्री ठरतात. भारतातच शिकून भारतातच वैद्यकी करणाऱ्या स्त्रियांत अग्रमान कादंबिनींचा आहे. या दोन विधानांत विरोध नाही. वर्ष एकच असल्याने एकीला वर चढवण्यासाठी दुसरीला खाली ढकलण्याचे कारणही नाही.

आनंदीबाईंच्या एम. डी. पदवीचा अर्थही अनेकदा चुकीचा लावला जातो. आजच्या भारतात एम. डी. ही एम. बी. बी. एस. नंतरची पदव्युत्तर पदवी आहे. तेव्हाच्या अमेरिकेत मात्र डॉक्टर होण्याची मूळ पदवीच एम. डी. होती आणि आनंदीबाईंनी ती तीन वर्षांत घेतली. त्यामुळे आनंदीबाईंनी अवघ्या विशीत पदव्युत्तर शिक्षण पुरे केले, हे विधान बरोबर नाही. याने त्यांचे मोल जरासुद्धा कमी होत नाही. घरी मराठीतून अक्षरओळख झालेली, नवव्या वर्षी लग्न झालेली मुलगी परक्या देशात, परक्या भाषेत, बिघडत्या प्रकृतीनिशी हा अभ्यासक्रम पार करते, हे कर्तृत्व पुरेसे मोठे आहे. त्यांचा पदवीप्रबंध आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्रावर होता.

भारतात स्त्रियांना वैद्यकीय शिक्षण मिळतच नव्हते म्हणून आनंदीबाई अमेरिकेस गेल्या, हाही सर्रास आढळणारा समज. मद्रास मेडिकल कॉलेजने १८७५ मध्येच स्त्रियांना प्रवेश दिला होता. पहिल्या तुकडीतल्या चौघी इंग्रज व अँग्लो-इंडियन होत्या आणि त्यांतल्या मेरी शार्लीब यांनी पुढे मोठे नाव कमावले. आनंदीबाईंना मद्रासची माहिती होती. २४ फेब्रुवारी १८८३ रोजी सेरामपूर येथे, विशेष म्हणजे इंग्रजीत, केलेल्या जाहीर भाषणात त्यांनी मद्रासचा आणि सुइणींसाठीच्या वर्गांचा उल्लेख केला होता. तिथले शिक्षण अपुरे वाटते आणि एकट्या शिकणाऱ्या हिंदू स्त्रीला इथे रस्त्यावरही टोमणे व छळ सोसावा लागतो, असे त्यांचे म्हणणे होते. म्हणजे अमेरिका ही त्यांनी विचारपूर्वक केलेली निवड होती. त्या भाषणाच्या वेळी त्यांना अठरावे वर्ष पुरे व्हायचे होते.

या निवडीमागचे कारण सर्वांना माहीत आहे आणि ते खरे आहे. वयाच्या चौदाव्या वर्षी त्यांना मुलगा झाला आणि दहा दिवसांत गेला. वेळेवर योग्य उपचार मिळाले नाहीत, हे दुःख त्यांच्या मनातून गेले नाही. पण गोष्ट एवढ्यावरच थांबवली तर एका बुद्धिमान स्त्रीचा विचार केवळ आईच्या शोकात बुडतो. सेरामपूरच्या भाषणात त्यांनी मांडलेला मुद्दा सामाजिक होता: पुरुष डॉक्टरांपुढे आपले दुखणे सांगायला हिंदू स्त्रिया संकोचतात आणि म्हणून हिंदू स्त्री डॉक्टरांची या देशाला गरज आहे.

त्यांच्या धर्माविषयीचा गैरसमज त्यांच्या हयातीतच सुरू झाला. त्यांचे पती गोपाळराव जोशी टपाल खात्यात नोकरीस होते. १८७८ मध्ये कोल्हापूरहून त्यांनी अमेरिकन मिशनरी वाइल्डर यांच्याकडे पत्नीच्या शिक्षणासाठी मदत मागितली, तेव्हा उत्तरात ख्रिस्ती होण्याचा मार्ग सुचवला गेला. गोपाळरावांनी तो नाकारला. हा पत्रव्यवहार एका मिशनरी मासिकात छापून आला आणि न्यू जर्सीतील रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर यांनी दंतवैद्याकडे वाट पाहत बसलेल्या असताना तो वाचला. त्यातून आनंदीबाईंना अमेरिकेतील दुसरे घर मिळाले. कार्पेंटरबाईंना त्या मावशी म्हणत. हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन, असे आनंदीबाईंनी निघण्यापूर्वी जाहीर केले होते. तो शब्द त्यांनी पाळला. परदेशगमनामुळे त्यांनी धर्म सोडला, ही आवई होती.

अमेरिकेला गोपाळराव त्यांना सोबत घेऊन गेले, असेही अनेकांना वाटते. ७ एप्रिल १८८३ रोजी आनंदीबाई कलकत्त्याहून बोटीने निघाल्या, तेव्हा नवरा किंवा नात्यातले कोणीही बरोबर नव्हते. सोबत होती ती मिशनरी बायकांची. जूनच्या सुरुवातीला त्या न्यूयॉर्कला उतरल्या. गोपाळराव बऱ्याच काळाने अमेरिकेत पोहोचले, तोपर्यंत शिक्षणाचा मोठा भाग झाला होता.

गोपाळरावांची प्रतिमा हा तर स्वतंत्र विषय आहे. श्री. ज. जोशी यांची ‘आनंदी गोपाळ’ ही कादंबरी, तिच्यावर आधारलेले नाटक आणि २०१९ चा मराठी चित्रपट यांमुळे हे जोडपे घराघरांत पोहोचले. मात्र कादंबरीतले संवाद आणि प्रसंग हे इतिहासाचा पुरावा नव्हेत. बायकोला शिकवायचेच, या एकाच ध्यासाने झपाटलेला विक्षिप्त पण थोर नवरा, हे चित्र अर्धे आहे. आनंदीबाईंनी अमेरिकेहून गोपाळरावांना लिहिलेल्या एका पत्रात लहानपणी खाल्लेल्या माराची आठवण आहे. लाकडाने मारणे, अंगावर पुस्तके आणि खुर्च्या फेकणे, सोडून जाण्याच्या धमक्या देणे, हे सारे कोणत्या वयात घडले ते त्या सांगतात आणि ही वागणूक चांगली म्हणावी की वाईट हे ठरवणे कठीण आहे, असेही लिहितात. दुसरीकडे, गोपाळरावांच्या हट्टावाचून कल्याणच्या यमुनेची (हे त्यांचे माहेरचे नाव) डॉ. आनंदीबाई झाली नसती, हेही खरे. ज्या बाईने ते सोसले तिने दोन्ही बाजू नोंदवल्या. चरित्रकारांनी आणि कलावंतांनी त्यांतली एक गाळू नये. १८९० मध्ये पुण्यात मिशनऱ्यांकडे चहा घेतल्यावरून टिळक, रानडे आदींना अडचणीत आणणारे पंचहौद मिशनचे चहा प्रकरण घडवून आणले तेही याच गोपाळरावांनी. त्यांचा स्वभाव समजून घ्यायला तो प्रसंगही उपयोगी पडतो.

समाजमाध्यमांवर एक छायाचित्र वारंवार फिरते. त्यात नऊवारीसदृश साडीतल्या आनंदीबाई, किमोनो घातलेल्या जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या सबात इस्लामबुली आहेत. तिघी ‘एकाच वर्षी डॉक्टर झाल्या’ अशी ओळ खाली असते. छायाचित्र ऑक्टोबर १८८५ मधले, म्हणजे तिघी विद्यार्थिनी असतानाचे आहे. ओकामींना पदवी १८८९ मध्ये मिळाली आणि इस्लामबुलींना १८९० मध्ये.

कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात आनंदीबाईंनी रुग्णांवर उपचार केले, असे काही पुस्तकांत छापलेले आहे. तिथल्या स्त्री विभागाच्या प्रमुखपदी त्यांची नेमणूक झाली होती, एवढेच खरे. १८८६ च्या अखेरीस त्या मायदेशी परतल्या त्या क्षयाने खंगलेल्या अवस्थेतच. पदभार घेण्याआधी, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. बाविसावे वर्ष पुरे होण्यास महिनाभर उरला होता. अमेरिकेच्या थंडीने त्यांचा बळी घेतला, हेही अर्धसत्य आहे. थंडी आणि आबाळ यांनी दुखणे वाढवले असेल, पण भारतात असतानाच त्या सतत आजारी असत आणि कार्पेंटरबाई अमेरिकेहून त्यांच्यासाठी औषधे पाठवत. त्यांच्या अस्थी पुढे कार्पेंटरबाईंकडे पाठवण्यात आल्या आणि न्यूयॉर्क राज्यातील पकीप्सी येथील दफनभूमीत विसावल्या. शिक्षणासाठी भारत सोडणारी पहिली ब्राह्मण स्त्री, अशी त्यांची ओळख तिथल्या शिळेवर आहे.

कादंबिनींविषयी महाराष्ट्रात गैरसमजापेक्षा अज्ञानच अधिक. चंद्रमुखी बसू यांच्यासह त्या कलकत्ता विद्यापीठाच्या पहिल्या दोन स्त्री पदवीधरांपैकी एक. त्यांच्या प्रवेशाला मेडिकल कॉलेजच्या मंडळाचा विरोध होता, तो सरकारने मोडून काढला. त्यांना एम. बी. ही पदवी मिळाली असे लिहिले जाते, ते चूक आहे. एका भागात गुण कमी पडल्याने एम. बी. हुकली आणि कॉलेजने जी. बी. एम. सी. ही पात्रता दिली. तिच्या बळावर त्यांना वैद्यकी करता आली, तरी उणेपण दाखवणारे होतेच. म्हणून मुले घरी ठेवून त्या १८९३ मध्ये ब्रिटनला गेल्या आणि एडिंबरोच्या परीक्षा देऊन परतल्या. त्याआधी, १८९१ मध्ये ‘बंगबासी’ या सनातनी पत्राने त्यांच्या चारित्र्यावर शिंतोडे उडवले. कादंबिनी आणि पती द्वारकानाथ गप्प बसले नाहीत. खटला झाला आणि संपादकाला दंड व सहा महिन्यांची कैद झाली. मुंबईच्या १८८९ च्या काँग्रेस अधिवेशनाला त्या प्रतिनिधी म्हणून आल्या होत्या.

रखमाबाईंच्या वाट्याला सर्वांत मोठी दंतकथा आली: राणी व्हिक्टोरियाने त्यांचा विवाह रद्द केला आणि त्यांना घटस्फोट मिळाला. वस्तुस्थिती अशी. अकराव्या वर्षी त्यांचे लग्न दादाजी भिकाजी यांच्याशी झाले, पण त्या नांदायला गेल्या नाहीत. आई जयंतीबाई आणि सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन यांच्या घरी त्या वाढल्या, वाचत राहिल्या. दादाजींनी १८८४ मध्ये बायको ताब्यात मिळावी म्हणून मुंबई उच्च न्यायालयात दावा लावला. १८८५ मध्ये न्या. पिन्ही यांनी तो फेटाळला. अजाण वयात लग्न लावलेल्या आणि कधीच एकत्र न राहिलेल्या स्त्रीवर जबरदस्ती करता येणार नाही, असा त्यांचा सूर होता. अपिलात हा निकाल उलटला. ४ मार्च १८८७ रोजी न्या. फॅरन यांनी नवऱ्याकडे जा, नाही तर सहा महिने तुरुंगात जा, असा आदेश दिला. रखमाबाईंनी तुरुंग पत्करला. देशभर आणि इंग्लंडात वादळ उठले. टिळकांची वृत्तपत्रे दादाजींच्या बाजूने उभी राहिली. शेवटी जुलै १८८८ मध्ये तडजोड झाली आणि दोन हजार रुपये घेऊन दादाजींनी हुकमाची अंमलबजावणी सोडून दिली. रखमाबाईंना तुरुंगात जावे लागले नाही, पण घटस्फोटही मिळाला नाही. तेव्हाच्या हिंदू कायद्यात तशी सोयच नव्हती. राणीने विवाह मोडला नाही. त्यांना सोडवले ते त्यांच्या नकाराने आणि त्या रकमेने.

या खटल्यामुळेच १८९१ चा संमतिवयाचा कायदा झाला, हे विधानही जरा सैल आहे. वातावरण तापवण्यात खटल्याचा वाटा मोठा होता. पण कायद्याचे निकटचे कारण म्हणजे कलकत्त्यात नवऱ्याच्या शरीरसंबंधाने झालेला फूलमणी या बालिकेचा मृत्यू. कायद्याने लग्नाचे वय ठरवले नाही. शरीरसंबंधाच्या संमतीचे वय दहावरून बारा केले. लग्नाच्या किमान वयाचा कायदा, म्हणजे शारदा कायदा, १९२९ मध्ये आला.

तडजोडीनंतर रखमाबाई १८८९ मध्ये इंग्लंडला गेल्या, लंडन स्कूल ऑफ मेडिसिन फॉर विमेनमध्ये शिकल्या आणि १८९४ मध्ये पात्र झाल्या. म्हणजे ‘पहिली’ हा मान त्यांना कालक्रमाने मिळत नाही. त्यांचे वेगळेपण दीर्घ सेवेत आहे. सुरत आणि नंतर राजकोट येथील स्त्री रुग्णालयांत त्यांनी तीन दशकांहून अधिक काळ काम केले. खटला तेवढा लक्षात ठेवून ही सारी वर्षे विसरली जातात, हा त्यांच्यावरचा मोठा अन्याय आहे. त्यांनी पुन्हा लग्न केले नाही.

रखमाबाईंचे निधन २५ सप्टेंबर १९५५ रोजी झाले. त्याच वर्षी मे महिन्यात हिंदू विवाह कायदा लागू होऊन हिंदू स्त्रीला घटस्फोटाचा हक्क मिळाला होता. दादाजींनी ज्या स्वरूपाचा दावा लावला, त्यासाठीची तुरुंगाची शिक्षा कायद्यातून केव्हाच गेली. मात्र सहवासाच्या हक्काचा तो दावा हिंदू विवाह कायद्याच्या कलम ९ मध्ये कायम राहिला.