संगणकाचा डोळा कां मिटला?

यंत्र बिघडलें म्हणजे प्रथम माणसावर आळ येतो, आणि यंत्राची चौकशी मागाहून होते, असा पुष्कळांचा अनुभव आहे. गेल्या पावसाळ्यांत पुणें-नाशिक रस्त्यावरील पेठ ह्या गांवीं आमच्या ओळखीच्या एका घरीं असाच प्रकार घडला. घर शेतकऱ्याचें, सातगांव पठारावर त्यांची बटाट्याची शेती आहे. थोरला मुलगा नोकरीनिमित्त दूर देशीं असतो. दर रविवारीं सायंकाळीं त्याची आजी संगणकावरील लहानशा कॅमेऱ्यासमोर येऊन बसे, आणि नातवाशीं समोरासमोर बोले. एके रविवारीं मात्र आजीला नातू दिसला, पण नातवाला आजी दिसेना. तिच्या जागीं नुसता काळा चौकोन! सकाळीं धाकट्या मुलीनें टेबल पुसलें होतें. तेव्हां कॅमेरा हिनेंच पाडला असणार, असें सर्वांनीं ठरवून टाकलें. मुलगी रडून सांगत होती कीं, 'मीं पाडला नाहीं'. पण ऐकतो कोण?

दुसऱ्या दिवशीं आम्ही तेथें गेलों तेव्हां नवा कॅमेरा आणण्याचें घाटत होतें. आम्हीं यजमानांस विचारलें, 'विहिरीवरचा पंप पाणी उचलीना, तर आपण प्रथम काय करतां?' ते म्हणाले, 'वीज आहे कीं नाहीं तें पाहतों. मग फ्यूज, मग स्टार्टर, मग नळींत हवा शिरली काय तें. पंप खोलायचा तो सर्वांच्या शेवटीं.' आम्हीं म्हटलें, 'मग कॅमेऱ्यालाच निराळा न्याय कां?' यावर ते हंसले, आणि आम्ही सर्वजण संगणकापुढें बसलों.

त्या संगणकावर लिनक्स ही कार्यप्रणाली होती. फिनलंडमधील लिनस टॉरवाल्ड्स ह्या विद्यार्थ्यानें १९९१ सालीं तिच्या गाभ्याचा आरंभ केला. हा गाभा कोणासही विनामूल्य घेतां येतो, वाचतां येतो व सुधारतां येतो. आपल्या जुन्नर तालुक्यांत खोडद येथें ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची प्रचंड रेडिओ-दुर्बीण आहे. तिच्या संकेतांचा हिशेब करणारे संगणकही लिनक्सवरच चालतात. तेव्हां जी प्रणाली आकाशांतील तारे धुंडाळण्यास पुरते, तीच शेतकऱ्याच्या घरीं आजी-नातवाची भेट घडविण्यासही पुरते.

आतां कॅमेऱ्यापासून पडद्यापर्यंत चित्र कसें येतें, तें समजून घेऊं. कॅमेरा यूएसबीच्या तारेनें संगणकास जोडलेला असतो. त्याच तारेंतून त्याला वीज मिळते, आणि त्याच तारेंतून चित्र आंत येतें. आंत आल्यावर गाभ्यांतील 'ड्रायव्हर' नांवाचा दुभाषा कॅमेऱ्याची भाषा संगणकास समजावून देतो, आणि कॅमेऱ्याच्या नांवें एक खास फाइल उघडी करतो. शेवटीं संभाषणाचा प्रोग्रॅम त्या फाइलींतून चित्र उचलतो. तार, दुभाषा, फाइल, प्रोग्रॅम अशी ही चार कड्यांची सांखळी आहे. दोष शोधणाऱ्यानें एका टोंकापासून एकेक कडी तपासीत जावें. मधेंच उडी मारूं नये.

पहिली कडी तारेची. आम्हीं कॅमेऱ्याचें झांकण उघडें आहे ना, तें पाहिलें; होतें. नंतर मुलीलाच कळफलकापाशीं बसविलें, आणि टर्मिनलच्या खिडकींत 'एल्-एस्-यू-एस्-बी' हीं पांच अक्षरें लहान लिपींत टंकावयास सांगितलें. ह्या हुकुमानें यूएसबीला जोडलेल्या सर्व उपकरणांची यादी मिळते. यादींत कळफलक होता, माऊस होता. कॅमेरा मात्र नव्हता. म्हणजे संगणकास कॅमेऱ्याची ओळखच पटली नव्हती. मग पुढील प्रोग्रॅमला दोष देण्यांत अर्थ काय?

आम्हीं तारेचा माग काढला. ती संगणकांत न जातां टेबलामागील एका 'हब'मध्यें गेली होती, आणि शेजारींच फोटो साठविण्याची एक डिस्क लावलेली होती. यूएसबीच्या दुसऱ्या आवृत्तीचें एक छिद्र ५०० मिलिअँपियरपर्यंत वीज देतें. पण ज्या हबला स्वतःची वीज नाहीं, त्याच्या प्रत्येक छिद्रास नियमाप्रमाणें १०० मिलिअँपियरच मिळावयाची. एका कालव्यावर दोन शेतें भिजवावयास गेल्यास शेवटच्या शेताला जें होतें, तेंच कॅमेऱ्याचें झालें होतें. हा हब कोणीं बसविला, असें विचारतांच यजमान क्षणभर गप्प राहिले. शनिवारीं रात्रीं त्यांनीं स्वतःच तो आणून बसविला होता!

कॅमेरा संगणकाच्या मागील छिद्रांत थेट लावला. पुन्हां तींच पांच अक्षरें टंकलीं. आतां यादींत कॅमेऱ्याचें नांव आलें. गाभ्याची रोजनिशी दाखविणारा 'डी-एम्-ई-एस्-जी' हा दुसरा हुकूम दिला, तेव्हां 'यूव्हीसीव्हिडिओ' ह्या ड्रायव्हरनें कॅमेरा स्वीकारल्याची नोंद दिसली. पूर्वीं प्रत्येक कारखानदाराचा कॅमेरा निराळ्या बोलीत बोले, आणि लिनक्सवर त्याचा दुभाषा कोणीतरी हौसेनें लिहावा लागे. फ्रान्समधील एका डॉक्टरानें तर फावल्या वेळांत दोनशेंहून अधिक कॅमेऱ्यांसाठीं असें काम केलें. पुढें सर्व कॅमेऱ्यांची एकच प्रमाण भाषा ठरली, आणि लॉरां पिन्शार यांनीं लिहिलेला तिचा दुभाषा २००८ सालीं मुख्य गाभ्यांत आला. म्हणूनच आजचे बहुतेक कॅमेरे लावतांच चालूं होतात.

तिसरी कडी फाइलीची. 'डेव्ह' नांवाच्या कप्प्यांत 'व्हिडिओ-शून्य' व 'व्हिडिओ-एक' अशा दोन फाइली दिसल्या. कॅमेरा एक आणि फाइली दोन कशा, असें मुलीनें विचारलें. प्रश्न योग्यच होता. नव्या गाभ्यांत एका फाइलींतून चित्र येतें, तर दुसरींतून चित्रासंबंधींची केवळ माहिती येते. प्रोग्रॅमनें चुकून दुसरी निवडल्यास पडदा काळाच राहतो. शिवाय ह्या फाइली कोणासही उघडतां येत नाहींत. त्यासाठीं तसा अधिकार, किंवा 'व्हिडिओ' ह्या गटाचें सभासदत्व लागतें. हें बंधन अडचणीचें वाटलें, तरी हितकारक आहे. घरांतील डोळा कोणींही उघडावा, हें बरें नव्हे. 

यजमानांनीं उत्साहानें फोटो काढण्याचा प्रोग्रॅम उघडला, आणि पडद्यावर सर्वांचे चेहरे दिसले. पण संभाषणाचा प्रोग्रॅम उघडतांच पुन्हां तोच काळा चौकोन! कारण चौथ्या कडींत होतें. बहुधा एका वेळीं एकच प्रोग्रॅम कॅमेरा वापरूं शकतो; पहिला मागें उघडाच होता, आणि त्यानें कॅमेरा धरून ठेवला होता. तो बंद केला, आणि चित्र आलें.

एक गोष्ट ह्या घरीं घडली नाहीं, पण वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. ६४० बाय ४८० बिंदूंचें चित्र न आवळतां सेकंदास ३० वेळां पाठवावयाचें, तर दर बिंदूस २ बाइट धरून सेकंदास सुमारें १ कोटी ८४ लक्ष बाइट होतात. असे दोन कॅमेरे एकाच हबवर लावल्यास तार अपुरी पडते, व दुसरा कॅमेरा चालत नाहीं. अशा वेळीं 'एम-जेपेग' हें आवळलेलें स्वरूप निवडावें, किंवा चित्र लहान करावें. दुसरें असें कीं, कोठेंतरी वाचलेला हुकूम अर्थ न समजतां 'सुडो' लावून चालवूं नये. त्यानें यंत्राचा सर्वाधिकार हातांत येतो, आणि साधा दोष मोठा होण्याचें भय असतें. एका वेळीं एकच बदल करावा, आणि परिणाम पाहून वहींत टिपून ठेवावा.

कॅमेऱ्याला कांहींच झालें नव्हतें. नव्या कॅमेऱ्याचे पैसे वांचले, हा लाभ लहान. यजमानांनीं मुलीला जवळ घेऊन 'चूक माझीच होती, बाळ' असें सर्वांदेखत म्हटलें, हा लाभ मोठा. पुढच्या रविवारीं आजी पुन्हां आपल्या जागीं बसली, आणि नातवाला सांगूं लागली, 'अरे, हा डोळा हिनें उघडला बरें का!'

आमच्या बालवाचकांस आमचें इतकेंच सांगणें आहे कीं, यंत्राचा दोष काढावयाचा असो वा माणसाचा, आधीं सर्व कड्या पाहाव्या आणि मगच बोट दाखवावें. पालकांसही हेंच सांगावयाचें होतें. परंतु तें काम पेठच्या यजमानांनीं आमच्यापेक्षां अधिक चांगलें केलें आहे.