हरवलेल्या बंदिशीची तालीम

ऑस्ट्रेलियाच्या न्यू साउथ वेल्स राज्यात एक पक्षी स्वतःचं गाणं विसरत चालला होता. त्याला कसला आजार नव्हता, गळ्यात दोष नव्हता. शिकवणारंच कोणी उरलं नव्हतं.

या पक्ष्याचं नाव रीजंट हनीईटर. साळुंकीहून किंचित लहान, काळ्याभोर अंगावर फिकट पिवळ्या खवल्यांची नक्षी, पंखांना आणि शेपटीला पिवळ्याधमक कडा, डोळ्याभोवती पिसं नसलेली खडबडीत कातडी. नर गायला लागला की मान खाली-वर करतो आणि मंजुळ, धातूवर टिचकी मारल्यासारखा किणकिणता आवाज काढतो. फुलांतला मध हे त्याचं मुख्य अन्न. आपल्याकडे निलगिरी म्हणजे बाहेरून आणून लावलेलं झाड. तिथे मात्र ती माहेरी आहे, तिच्या शेकडो जाती आहेत. त्यांतल्या आयर्नबार्क आणि बॉक्स या झाडांचा बहर जिथे, तिथे रीजंटचे थवे. शिवाय त्या झाडांवरची बांडगुळं. मराठीत बांडगूळ ही शिवी झाली आहे, पण या पक्ष्याला बांडगुळाची फुलं मध देतात आणि त्याच्या दाट फांद्या घरट्याला आडोसाही देतात.

एके काळी क्वीन्सलँडपासून ॲडलेडपर्यंत दिसणारे हे पक्षी आज रानात ३०० हूनही कमी उरले आहेत. सुपीक जमिनीवरची ही विरळ जंगलं शेती आणि कुरणांसाठी तोडली गेली. उरलेल्या तुकड्यांवर नॉइझी मायनर या पक्ष्याने कब्जा केला. नाव ऐकून आपल्याला मैना आठवते, पण हा हनीईटरचाच भाऊबंद. टोळीने राहतो आणि दुसऱ्या पाखराला झाडावर टेकू देत नाही.

संख्या घटली की पिल्लं कमी होतात, हे सहज समजतं. गाण्याचं काय होतं, हे रॉस क्रेट्स आणि ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीतल्या त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये दाखवून दिलं. गाणाऱ्या पक्ष्यांना गाणं जन्मजात येत नाही, ते मोठ्यांकडून ऐकून घ्यावं लागतं. रीजंटचा बाप तर घरटं सांभाळताना गप्पच राहतो, शत्रूला घरट्याचा पत्ता लागू नये म्हणून. त्यामुळे घरट्याबाहेर पडलेल्या तरुण नराला दुसरा कोणी गवई शोधावा लागतो. जंगलात मैलोन्‌मैल असा गवईच नसेल तर? मग तो कानावर पडेल ते उचलतो. अभ्यासलेल्या नरांपैकी १२ टक्के नर स्वतःच्या जातीचं गाणं गातच नव्हते. कोणी फ्रायरबर्डची नक्कल करत होता, कोणी करावाँगची. अशा नरांची जोडी जमण्याची शक्यताही कमी होती. मला हे वाचताना गलबलून आलं. नर जीव तोडून गातो आहे आणि मादीला ती आपलीच हाक आहे हे कळत नाही.

इथे प्राणिसंग्रहालयाचं काम सुरू होतं. सिडनीचं तारोंगा १९९५ पासून या पक्ष्यांचं प्रजनन करत आहे. त्याचीच दुसरी शाखा सिडनीपासून सुमारे ४०० किलोमीटर आत, डबो या गावी १९७७ मध्ये उघडली. डबोला लोक गेंडे आणि जिराफ बघायला जातात, पण तिथलं मोठं काम देशी जिवांचं आहे. लांब कानांच्या बिल्बीसाठी शिकारी प्राण्यांपासून सुरक्षित असं कुंपणबंद रान आहे. प्लेन्स-वाँडरर हा गवताळ माळावरचा छोटा पक्षीही तिथे वाढवला जातो. त्याच्या कुळात दुसरी जातच नाही. आणि रीजंटसाठी खास पक्षीगृहं आहेत.

पण पिंजऱ्यात वाढलेल्या नरांनाही मूळ गाणं येत नव्हतं. पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांचंच ऐकून त्यांचं वेगळंच काहीतरी तयार झालं होतं. म्हणून रीतसर तालीम सुरू झाली. आधी पिल्लांना रानातल्या नरांच्या ध्वनिफिती ऐकवल्या. त्याने काम भागलं नाही. मग रानात जन्मलेले दोन नर गुरू म्हणून त्यांच्या सहवासात ठेवले. पुढे एका गुरूमागची शिष्यसंख्या कमी केली, आणि तिसऱ्या वर्षी ४२ टक्के तरुण नर ब्ल्यू माउंटन्स या डोंगराळ भागातल्या रीजंटचं जुनं गाणं गाऊ लागले. सुरुवात शून्यापासून झाली होती. समोर बसवून शिकवल्याशिवाय गाणं गळ्यात उतरत नाही, हे आपल्याकडच्या कोणत्याही गवयाला सांगावं लागणार नाही.

हा प्रयोग चालू असतानाच रानातून ते जुनं गाणं नाहीसं झालं. तिथे आता त्याचं निम्म्या स्वरखंडांचं, तुटकं रूप ऐकू येतं. पूर्ण बंदिश उरली आहे ती फक्त पक्षीगृहांत वाढलेल्या नरांच्या गळ्यात.

पायात रंगीत कडी आणि काहींच्या पाठीवर इवलंसं ट्रान्समीटर घेऊन असे पक्षी रानात सोडले जातात. पूर्वी व्हिक्टोरियात चिल्टर्नला सोडले, अलीकडे हंटर खोऱ्यात. अभ्यासक आयर्नबार्कच्या बहराखाली कान देऊन उभे राहतात. सोडलेल्या नराने मान लववून पूर्ण गाणं म्हटलं आणि शेजारच्या फांदीवर रानात जन्मलेलं, अजून काहीच न शिकलेलं एखादं पोर बसलेलं असलं, तर ते कोणतं गाणं उचलतं, याची ते वाट बघत आहेत.