उष्म्यातील व्यायाम आणि हातापायांची सूज : एक शरीरक्रियाशास्त्रीय विवेचन

प्रस्तावना

एप्रिल-मे महिन्यांत नियमितपणे फिरावयास जाणाऱ्या अनेकांना एक अनुभव येतो. तासाभराच्या चालीनंतर हाताची बोटे जाड वाटू लागतात, मूठ घट्ट वळत नाही, बोटातील अंगठी निघत नाही. घरी येऊन बूट काढल्यावर मोज्याच्या रबराचा वळ घोट्याच्या वर खोलवर उमटलेला दिसतो. मैदानावर सराव करणारे विद्यार्थी, पोलीस भरतीच्या तयारीसाठी धावणारे तरुण आणि आळंदीहून पंढरपूरपर्यंतचे सुमारे अडीचशे किलोमीटर अंतर पायी कापणारे वारकरी यांनाही ही तक्रार अपरिचित नाही. तिच्यावर मिळणारा सल्ला मात्र परस्परविरोधी असतो. 'अंगात पाणी साठले आहे, पाणी कमी प्या', असे एक सांगतो. 'पाणी कमी पडले आहे, भरपूर प्या', असे दुसरा सांगतो. हे दोन्ही सल्ले सूज का येते याचा विचार न करता दिलेले असतात आणि त्यांपैकी दुसरा क्वचित प्रसंगी जिवावर बेतू शकतो. प्रस्तुत लेखात या सुजेमागील कारणांचे आणि तिच्याशी निगडित धोक्याचे विवेचन केले आहे.

सूज येण्याची प्रक्रिया

सुखद हवामानात, विसावलेल्या अवस्थेत, मनुष्याच्या संपूर्ण त्वचेतून मिनिटाला सुमारे पाव लिटर रक्त वाहते. तीव्र उष्म्यात हेच प्रमाण मिनिटाला ६ ते ८ लिटरपर्यंत जाऊ शकते. विश्रांतीच्या वेळी हृदय मिनिटाला एकूण सुमारे ५ लिटर रक्त बाहेर टाकते, हे लक्षात घेतले म्हणजे या वाढीचे स्वरूप ध्यानात येते. शरीराच्या आतील उष्णता रक्ताच्या वाटे त्वचेपर्यंत आणून बाहेर टाकणे, हा या वाढीचा हेतू होय. तळहात, तळपाय आणि बोटे यांत रोहिणी व नीला यांना थेट जोडणाऱ्या खास वाहिन्या असतात. त्या उघडल्या की रक्त मोठ्या प्रमाणावर या भागांकडे वळते. मोटारीच्या इंजिनाला जसा रेडिएटर, तसेच काहीसे शरीराला हात-पाय होत.

केशवाहिन्यांच्या भिंतीतून द्रव आत-बाहेर कसा जातो, याचे मूलभूत स्पष्टीकरण ब्रिटिश शरीरक्रियाशास्त्रज्ञ अर्नेस्ट स्टार्लिंग यांनी १८९६ मध्ये मांडले. वाहिनीतील रक्ताचा दाब द्रवाला बाहेर ढकलतो, तर रक्तातील प्रथिने, विशेषतः अल्ब्युमिन, त्याला आत धरून ठेवतात. पुढील संशोधनाने या मांडणीत सुधारणा केल्या असल्या तरी तिचा गाभा कायम आहे. उष्म्यात लहान रोहिण्या रुंदावल्याने केशवाहिन्यांतील दाब वाढतो, नीला रक्ताने फुगतात आणि गुरुत्वाकर्षणामुळे खाली लोंबणाऱ्या अवयवांत हा परिणाम अधिक जाणवतो. बाहेर झिरपणारा द्रव लसीकावाहिन्या ज्या वेगाने परत नेतात, त्यापेक्षा झिरपण्याचा वेग वाढला की सूज दिसू लागते. ती शरीर थंड राखण्याच्या प्रयत्नातून आलेली असते. तिला रोग म्हणता येत नाही.

येथे एक प्रश्न उपस्थित होतो. चालताना पायांचे स्नायू सतत हालत असतात. मग सूज का यावी? निश्चल उभ्या असलेल्या प्रौढाच्या पावलातील नीलांमधला दाब पाऱ्याच्या सुमारे ९० मिलिमीटरइतका असतो. तो चालू लागताच पोटरीचे स्नायू नीला दाबून रक्त वर ढकलतात व हा दाब २० ते ३० मिलिमीटरपर्यंत खाली येतो. म्हणजे चालण्यामुळे पायांची सूज कमीच होत असते. ती वाढते ती चालताना मध्येच उभे राहिल्याने अथवा चालून आल्यावर पाय खाली सोडून बसल्याने. कडक उन्हात सावधान स्थितीत उभा असलेला छात्रसैनिक कोसळतो, तेव्हा 'सकाळी काही खाल्ले नसेल' असा निष्कर्ष काढला जातो. पुष्कळदा खरे कारण पायांत साठलेले रक्त हे असते. अशा वेळी त्याला आडवे करून पाय उंच ठेवले की तो बहुधा लवकरच शुद्धीवर येतो.

हातांची गोष्ट वेगळी आहे. चालताना हात खाली लोंबतात व झोके घेतात. या झोक्यांमुळे रक्त बोटांकडे फेकले जाते. पंजाचे व बाहूचे स्नायू मात्र जवळजवळ निष्क्रिय असतात. पोटरीसारखा पंप हाताला या वेळी मिळत नाही. हातात काठी धरून चालल्यास, किंवा दर काही मिनिटांनी हात डोक्यावर नेऊन मूठ दहा-पंधरा वेळा उघडझाप केल्यास आराम पडतो, तो यामुळेच. अंगठी व घट्ट कडे व्यायामापूर्वीच काढून ठेवणे श्रेयस्कर. वारीच्या मुक्कामी वारकऱ्यांचे पाय चेपून देण्याची जी सेवा केली जाते, तिच्यातही शरीरशास्त्राच्या दृष्टीने तथ्य आहे. आडवे पडल्याने नीलांमधला दाब उतरतो आणि चेपण्याने लसीकेचा प्रवाह वाढतो.

उष्म्याची सवय नसलेल्या व्यक्तीस हा त्रास पहिल्या काही दिवसांत अधिक होतो. या काळात अल्डोस्टेरोन या संप्रेरकाच्या प्रभावाने मूत्रपिंडे मीठ व पाणी राखून ठेवतात आणि रक्तद्रवाचे आकारमान वाढते. १० ते १४ दिवसांत शरीर रुळते व सूज सहसा आपोआप ओसरते. लघवी वाढविणाऱ्या मूत्रल गोळ्या या सुजेवर उपयोगी पडत नाहीत. उलट घामाने आधीच घटलेले रक्तद्रव त्या आणखी घटवितात. दुकानातून अशी गोळी परस्पर आणून घेण्याची प्रवृत्ती म्हणूनच घातक होय.

अतिरिक्त पाण्याचा धोका

सुजलेली बोटे एका निराळ्या अवस्थेचेही लक्षण असू शकतात. दीर्घकाळ चालणाऱ्या व्यायामात तहानेपेक्षा कितीतरी अधिक पाणी प्यायल्यास रक्तातील सोडियम विरळ होते. एक लिटर रक्तद्रवात सोडियम सामान्यतः १३५ ते १४५ मिलिमोल असते. ते याहून खाली उतरले की पाणी पेशींत शिरते व पेशी फुगतात. बोटांच्या सुजेने फार तर अंगठी अडकते. परंतु कवटीत बंदिस्त असलेल्या मेंदूला फुगावयास जागा नसते. दक्षिण आफ्रिकेतील टिमथी नोक्स व सहकाऱ्यांनी अशा चार खेळाडूंचा वृत्तान्त १९८५ मध्ये प्रसिद्ध केला. तरीही सहन होईल तितके जास्तीत जास्त पाणी प्यावे, ही शिकवण पुढे अनेक वर्षे टिकून राहिली. अमेरिकेतील क्रीडावैद्यक संस्थेच्या १९९६ च्या मार्गदर्शनातही तिला स्थान होते. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये एका तरुण धावपटू स्त्रीचा याच कारणाने मृत्यू झाला. त्याच शर्यतीतील ४८८ धावपटूंच्या रक्ताची तपासणी २००५ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत १३ टक्के धावपटूंमध्ये सोडियम कमी आढळले आणि त्याचा सर्वांत निकटचा संबंध शर्यतीत वजन वाढण्याशी दिसून आला. साधे पाणी प्यायले की क्रीडापेय, याने फरक पडला नव्हता. क्रीडापेयात सोडियम लिटरला साधारणतः २० मिलिमोलच्या आसपास, म्हणजे रक्ताच्या तुलनेत फारच थोडे असते, हे पाहता त्यात आश्चर्य नाही. लिंबाचे सरबत किंवा मिठाचे ताक यांनाही हाच न्याय लागू पडतो. माफक प्रमाणात ती उत्तम पेये आहेत. अतिरेकापासून मात्र ती संरक्षण देत नाहीत.

२०१५ मध्ये कॅलिफोर्नियात भरलेल्या तज्ज्ञ परिषदेने व्यायामात तहान लागेल तसे पाणी प्यावे, अशी शिफारस केली. तिचा अर्थ पाणी तोडावे असा मुळीच नाही. विदर्भाच्या उन्हात तासाला एक लिटरहून अधिक घाम जाऊ शकतो आणि तेथे पाण्याची कमतरता हाच नेहमीचा धोका असतो. किनारपट्टीच्या दमट हवेत घाम सुकत नाही, तो नुसता निथळतो. त्यामुळे घाम येऊनही शरीर पुरेसे थंड होत नाही.

मैदानावरील शिक्षकाने पाहावयाचे ते बोटांकडे नव्हे, तर विद्यार्थ्याच्या बोलण्याकडे. सूज आहे, पण तो नीट बोलतो, चालतो, डोके दुखत नाही, तर काळजीचे कारण नाही. सुजेबरोबर डोकेदुखी, मळमळ, उलटी, असंबद्ध बोलणे किंवा झटके दिसल्यास त्याला पाणी पाजू नये, तत्काळ रुग्णालयात हलवावे. रुग्णालयात अशा वेळी तीव्र क्षारद्रावण शिरेतून थोड्या प्रमाणात दिले जाते. उष्माघातातही भान हरपते. अंग अतिशय तापलेले असेल तर प्रथम भरपूर पाणी अंगावर ओतून, वारा घालून ते थंड करावे. येथे पाणी अंगावर हवे, पोटात नव्हे, हा भेद विसरता कामा नये.

इतर कारणांचा विचार

प्रत्येक सुजेचे खापर उन्हावर फोडणेही योग्य नाही. रक्तदाबासाठी घेतल्या जाणाऱ्या अॅम्लोडिपिनमुळे घोटे सुजतात आणि चाळिशी ओलांडलेल्या प्राध्यापकवर्गात हे औषध घेणारे थोडे नाहीत. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांसारखी वेदनाशामके शरीरात मीठ व पाणी साठवितात. दीर्घ पल्ल्याच्या व्यायामापूर्वी ती घेऊ नयेत. एकाच पायाची, दुखरी सूज नीलेतील गुठळीमुळे असू शकते. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा यांसारख्या जिल्ह्यांत एका पायाची न ओसरणारी सूज दिसल्यास हत्तीरोगाचाही विचार करावा लागतो. सकाळी उठल्यावर चेहऱ्यावर दिसणारी सूज, धाप, गरोदरपणातील अचानक आलेली सूज या बाबी वैद्यकीय तपासणीच्याच होत.

वजनकाटा हे या बाबतीत सर्वांत स्वस्त व विश्वसनीय साधन आहे. दीर्घ पल्ल्याच्या स्पर्धेपूर्वी व नंतर प्रत्येक स्पर्धकाचे वजन नोंदविण्यास दोन मिनिटेही लागत नाहीत. एक-दोन टक्के घट ही सर्वसाधारण बाब आहे; तहानेनुसार पाणी व जेवण यांनी ती भरून निघते. वजन वाढलेले आढळल्यास मात्र भरपूर लघवी होईपर्यंत त्या स्पर्धकाला पाणी देऊ नये आणि त्याला एकटा घरी पाठवू नये.