टास्क कधी संपणार? ६१७४ ते लोडशेडिंग

द. रा. कापरेकर डहाणूला जन्मले, ठाण्यात शाळा शिकले आणि देवळालीत मास्तरकी करता करता ६१७४ या संख्येमुळे जगभर पोचले. कुठलीही चार अंकी संख्या घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने मांडा, त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा करा, आलेल्या उत्तरावर पुन्हा तेच. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ हजर! बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी आली ते साल १८५३: पाच पायऱ्या. खुद्द कापरेकरांचं जन्मसाल १९०५: पुरत्या सात.

म्हणजे काम सुरू करण्याआधीच ते किती लांबू शकतं हे ठाऊक. असं भाग्य क्वचितच लाभतं.

कोलाट्झचं कोडं पाहा. संख्या सम असेल तर निम्मी करा, विषम असेल तर तिप्पट करून एक मिळवा. २६ दहा पायऱ्यांत १ वर येते, २८ अठरा पायऱ्यांत. आणि मधली २७? तब्बल १११ पायऱ्या, वाटेत ९२३२ पर्यंत चढून! प्रत्येक संख्या शेवटी १ वर येतेच, हे आजवर कुणाला सिद्ध करता आलेलं नाही. घराघरांतल्या संगणकांवर या संख्या तपासणारा एक प्रकल्प अनेक वर्षं चालला. त्यात सहभागी होण्यासाठी गणिताची पदवी लागत नव्हती, रिकामा बसलेला संगणक पुरायचा.

यालाच स्वयंसेवी संगणन म्हणतात. ‘बॉइंक’ हे मोफत सॉफ्टवेअर बर्कलीच्या विद्यापीठातून आलं. ते लॅपटॉपवर टाकलं की संशोधकांचं काम तुकड्या-तुकड्यांनी घरी येतं आणि प्रत्येक तुकड्यापुढे, म्हणजेच ‘टास्क’पुढे, ‘उरलेला वेळ’ दिसतो. तो येतो कुठून? तुकड्यात अंदाजे किती आकडेमोड आहे हे प्रकल्पवाले आधी सांगतात. तुमच्या यंत्राचा वेग एका छोट्या चाचणीत मोजला जातो. मग साधा भागाकार. साहजिकच पहिले काही अंदाज चांगलेच चुकतात. दहाएक टास्क पूर्ण झाले की सर्व्हर तुमच्या यंत्राच्या प्रत्यक्ष कामगिरीवर विसंबू लागतो.

बॉइंकच्या जुन्या दुरुस्ती-सूत्राचा स्वभाव मला फार आवडतो. एखादा टास्क अंदाजापेक्षा लांबला, की पुढचे सगळे अंदाज लगेच वाढायचे. लवकर संपला, तर मात्र ते हळूहळूच उतरायचे. डोंबिवलीच्या फलाटावरचा नोकरदारही असाच. एकदा लेटमार्क लागला की दुसऱ्या दिवसापासून आधीची लोकल, आणि पुन्हा नेहमीच्या गाडीवर यायला पुष्कळ दिवस!

परग्रहावरचे संदेश शोधणारा ‘सेटी ॲट होम’ १७ मे १९९९ रोजी सुरू झाला. त्याच्या एका तुकड्यात अरेसिबोच्या रेडिओ दुर्बिणीची जेमतेम १०७ सेकंदांची नोंद असे. तरी काही तुकडे झटपट उरकत, काही तासन्‌तास रेंगाळत. कारण आकाशात! नोंद होताना दुर्बिणीची नजर किती वेगाने सरकत होती, त्यावर कोणती गणितं करायची ते ठरायचं.

‘रोझेटा ॲट होम’ने तर प्रश्नच उलटा केला. किती तास द्यायचे ते तुम्ही ठरवा, तेवढ्यात बसतील तितकी प्रथिनांची मॉडेलं यंत्र तपासेल. ज्यांच्या प्रयोगशाळेतून हे निघालं त्या डेव्हिड बेकर यांना २०२४ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

सर्वांत चिवट काम हवामानाचं. बीबीसीच्या साथीने २००६ मध्ये निघालेल्या प्रयोगात एकेका संगणकाला १९२० ते २०८० अशी १६० वर्षांची पृथ्वी चालवायची होती. त्याला महिने लागत. आणि त्याच काळात कल्याण-डोंबिवलीत रोजचं लोडशेडिंग! इथे ‘चेकपॉइंट’ कामी येतो. यंत्र मधूनमधून झालेलं काम डिस्कवर लिहून ठेवतं, म्हणजे लाइट गेले तरी शेवटच्या नोंदीपासून पुढे जाता येतं. चेकपॉइंट नसलेला टास्क मात्र पुन्हा शून्यावर.

मोबाइलवरही हे स्वयंसेवी संगणन चालतं. बॉइंकच्या मूळ सेटिंगप्रमाणे फोन चार्जरला हवा, बॅटरी ९० टक्क्यांवर हवी आणि तिचं तापमान ४० अंशांच्या पुढे गेलं की काम थांबतं. ठाण्याच्या मे महिन्यात ‘उरलेल्या वेळा’चं काय होत असेल, ते सांगायला नको.

आता माझा सर्वांत लाडका प्रकल्प, ‘आइन्स्टाइन ॲट होम’. २०१० मध्ये त्याला पहिला नवा पल्सार सापडला. सेकंदाला सुमारे ४१ गिरक्या घेणारा हा तारा दिसला तो अमेरिकेतल्या आयोवाच्या एका दांपत्याच्या आणि जर्मनीतल्या माइन्झच्या एका गृहस्थाच्या संगणकांवर. दोन ठिकाणी, कारण एकच तुकडा दोघांना देऊन उत्तरं ताडून पाहतात. हाच प्रकल्प लायगो या गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या वेधशाळांच्या नोंदींत अखंड वाहणाऱ्या लहरी शोधतो, आणि लायगोची भारतातली वेधशाळा आपल्या हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथजवळ व्हायची आहे. ठाण्या-कल्याणच्या पोरांनी यात उतरावं असं मला मनापासून वाटतं.

उतरलात तर एक करा. सुरुवातीला कामाचा साठा अर्ध्या दिवसापुरताच ठेवा. अंदाज अजून कच्चे असतात, तुकडा परत करायची मुदत बहुधा दोन आठवड्यांची असते, आणि त्याच तुकड्याचं उत्तर काढून बसलेला दुसरा कुणी तुमच्या उत्तराची वाट पाहत असतो.