विश्लेषण : महागडा माइक घेऊनही आवाज ‘विहिरीतून’ का येतो?

ऑनलाइन मुलाखत, शिकवणी, पॉडकास्ट किंवा यूट्यूब वाहिनी सुरू करायची ठरली की पहिला खर्च बहुधा कॅमेऱ्यावर होतो. चित्र थोडे धूसर असले तरी समोरचा ऐकत राहतो. आवाज घुमू लागला की मात्र तो कंटाळून निघून जातो. मग माइकची खरेदी होते आणि अनेकदा तीही चुकते.

मुळात दोष कशाचा?

बहुतेक वेळा अंतराचा. तोंड आणि माइक यांतील अंतर निम्मे केले की थेट पोहोचणारा आवाज सुमारे ६ डेसिबलने वाढतो. ६० सेंटिमीटरवरचा माइक १५ सेंटिमीटरवर आणला तर वाढ १२ डेसिबलची. भिंती, फरशी आणि काचेवरून परतणारा घुमारा मात्र जवळपास तेवढाच राहतो, त्यामुळे बोलणे त्याच्या वर उठून येते. म्हणूनच लॅपटॉपच्या मागे ठेवलेला महाग माइक तोंडाजवळच्या साध्या माइकपुढे हरतो. लाद्यांची, रिकाम्या भिंतींची खोली असेल तर जाड पडदा आणि गादी यांचा उपयोग नव्या माइकहून अधिक.

कंडेन्सर की डायनॅमिक?

कंडेन्सरमध्ये अतिशय पातळ पडदा विद्युतभारित पट्टीसमोर थरथरतो. तो बारकावे टिपतो, पण त्यासोबत कुकरची शिट्टी आणि रस्त्यावरचा हॉर्नही. डायनॅमिकमध्ये पडद्याला जोडलेले तारेचे वेटोळे चुंबकाच्या क्षेत्रात हलते. तो कमी संवेदनशील असल्याने जवळून बोलावे लागते आणि त्यामुळेच आजूबाजूचा गोंगाट मागे पडतो. गजबजलेल्या वस्तीतील फ्लॅटमध्ये डायनॅमिकच बरा.

पण पॉडकास्टच्या पडद्यावर सतत दिसतो म्हणून शुअरचा ‘एसएम७बी’ घेण्याची घाई नको. त्याचा संकेत इतका क्षीण असतो की सुमारे ६० डेसिबल वाढ देणारा इंटरफेस लागतो. म्हणजे माइकच्या किमतीवर आणखी खर्च. एकट्याने बोलणाऱ्याला यूएसबी माइक पुरेसा. दोन-तीन माणसे एकत्र बोलणार असतील तर एक्सएलआर माइक आणि इंटरफेस हा मार्ग सोयीचा, कारण प्रत्येकाचा आवाज वेगळा नोंदवता येतो. एक्सएलआर कंडेन्सर घेतल्यास इंटरफेसवर ४८ व्होल्टची ‘फँटम पॉवर’ आहे का, हे पाहावे.

पंखा बंद करायचा का?

उन्हाळ्यात ते शक्य नसते. येथे माइकची दिशा कामी येते. ‘कार्डिऑइड’ माइक समोरचे ऐकतो आणि पाठीमागचे बरेचसे गाळतो. टेबलावरून वर तोंड करून ठेवलेला माइक थेट छताकडे पाहतो. तोच आर्मला लावून वरून तिरका खाली आणला की पंखा त्याच्या पाठीमागे जातो. वाऱ्याच्या झोतासाठी फोमची टोपी हवी. ‘ब्लू यती’सारख्या माइकमध्ये बोलायची बाजू टोकाला नसून अंगाला असते. अनेकजण टोकात बोलतात आणि आवाज पातळ येतो म्हणून माइकलाच दोष देतात.

मराठीत प, फ, ब, भ उच्चारताना हवेचा फटका बसतो. त्यावर पॉप फिल्टर हवाच, शिवाय माइक ओठांच्या अगदी समोर न ठेवता किंचित बाजूला ठेवावा. फार जवळ गेल्यास आवाजातला खर्ज वाढतो. काहींना तो भारदस्त वाटतो, ऐकणाऱ्याला शब्द कमी कळतात.

खोक्यावर लिहिलेल्या १९२ किलोहर्ट्झला भुलू नये. बोलण्यासाठी ४८ किलोहर्ट्झ पुरेसे आहे. त्याहून उपयोगी म्हणजे माइकवरच हेडफोनची खाच असणे, म्हणजे आपला आवाज विलंबाविना ऐकू येतो. गेन असा ठेवावा की मोठ्याने बोलतानाही मीटर उणे १२ डेसिबलच्या आसपास थांबेल. केवळ कार्यालयीन कॉल करायचे असतील, तर टेबलावरच्या माइकऐवजी तोंडाजवळ दांडी येणारा वायरचा हेडसेट घेतला तरी काम भागते, आणि पैसेही वाचतात.