फेब्रुवारीत शंभर रुपये जास्त का?

समजा, पुण्याहून तुमची बदली जयपूरला झाली आणि घर मिळालं जगतपुऱ्यात, महल रोडलगतच्या एखाद्या उंच इमारतीत. पहिल्या महिन्याची पगारचिठ्ठी उघडाल तर एक ओळ गायब असेल: व्यवसाय कर. पुण्यात दरमहा 200 रुपये कापले जायचे, फेब्रुवारीत 300. अकरा महिन्यांचे 2200 आणि वर हे 300, म्हणजे बरोबर 2500. राज्यघटनेच्या कलम 276 नुसार वर्षाला याहून जास्त व्यवसाय कर घेता येत नाही, म्हणून फेब्रुवारीची ही गंमत. राजस्थानात हा करच नाही.

अडीच हजार वाचले म्हणून खूश व्हायला हरकत नाही. पण महाराष्ट्राने 1975 साली हा कर बसवला तो कशासाठी? बीड-सोलापूरकडच्या माळरानावर कुदळ मारणाऱ्या मजुराची मजुरी भागवण्यासाठी!

ही रोजगार हमीची कल्पना होती वि. स. पागे यांची. सांगली जिल्ह्यातल्या विसापूरचे पागे 1960 ते 1978 अशी अठरा वर्षं विधान परिषदेचे सभापती होते. 1965 मध्ये त्यांनी आपल्याच तासगाव तालुक्यात काही गावांत प्रयोग करून पाहिला: हाताला काम मागणाऱ्या प्रत्येकाला काम द्यायचं. मग 1972 चा दुष्काळ आला. खडी फोडणं, सुकडीची पाकिटं या आठवणी त्या पिढीतल्या कुणालाही विचारा. 1973 च्या उन्हाळ्यात दुष्काळी कामांवर जवळपास 50 लाख माणसं होती. पुढे 1977 मध्ये रोजगार हमीचा कायदा झाला आणि 26 जानेवारी 1979 पासून तो लागू झाला.

मला थक्क करतो तो त्यातला उलटा क्रम. एरवी योजना मुंबईत ठरते आणि गाव रांगेत उभं राहतं. इथे मजूर नमुना नंबर 4 चा अर्ज भरून काम मागणार आणि पंधरा दिवसांत ते द्यायला सरकार बांधील, नाहीतर बेकारभत्ता. पैसा शहरातल्या पगारदाराकडून, आणि त्यात सरकारची तेवढीच भर. आपण दुष्काळाला पैसे देतो आहोत हे मुंबईच्या कितीशा कारकुनांना ठाऊक असेल?

कामं कुठली, तर पाझर तलाव, नालाबांध, रस्ते. काही अर्धवटच राहिली, हेही खरं. पण 1990 मध्ये याच योजनेला फळबागा जोडल्या गेल्या. शेतकऱ्याने स्वतःच्या बांधाआत खड्डे खणायचे, मजुरी हमीतून. झाडं जगली तरच पुढचं अनुदान. कोकणातला आंबा-काजू आणि सोलापूरकडचं डाळिंब यांच्या विस्तारामागे ही खटपट आहे. माझ्या मते हमीची सगळ्यांत हुशार चाल हीच.

हमीचं मोठं दुखणं होतं हजेरीपट. कामावर न आलेल्यांचीही नावं, अंगठे, मजुरी. त्यावरचा उतारा मात्र राजस्थानातून आला. राजसमंदच्या देवडुंगरीतली, 1990 मध्ये स्थापन झालेली मजदूर किसान शक्ती संघटना 1994 पासून जनसुनवाई भरवू लागली. गावासमोर सरकारी हजेरीपट मोठ्याने वाचायचा, बस! ज्यांनी कुदळ हातात धरलेली नाही त्यांची नावं भर सभेत निघू लागली. हिशेब बघण्याचा हक्क मागत 1997 मध्ये जयपुरात 53 दिवस धरणं चाललं, आणि 2000 साली राजस्थानचा माहिती अधिकार कायदा झाला.

2005 च्या केंद्रीय रोजगार हमी कायद्यात या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या: मागेल त्याला काम महाराष्ट्राकडून, गावासमोर हिशेब राजस्थानकडून. 2 फेब्रुवारी 2006 ला देशातल्या 200 जिल्ह्यांत तो सुरू झाला.

राजस्थान विधानसभेने 2023 मध्ये आणखी पुढे जाऊन 125 दिवसांच्या रोजगाराची हमी देणारा कायदा केला. त्या हमीसाठी जगतपुऱ्यातल्या पगारचिठ्ठीत मात्र एक रुपयाचीही ओळ आली नाही, आणि तीच त्याची कच्ची बाजू आहे.