लहान-मोठ्या अक्षरांचा घोळ

गावाचे नाव कुठे ‘वाशिम’ असे ऱ्हस्व, तर कुठे ‘वाशीम’ असे दीर्घ लिहिलेले आपण पाहतो. त्यामुळे एस.टी.चा प्रवासी अडत नाही. संगणक मात्र अडतो. त्याच्या लेखी प्रत्येक चिन्ह म्हणजे एक अंक. युनिकोडमध्ये ऱ्हस्व वेलांटीचा क्रमांक २३६७, दीर्घ वेलांटीचा २३६८. अंक वेगळा, म्हणून नावही वेगळे.

रोमन लिपीत कॅपिटल आणि स्मॉल अक्षरांचेही तसेच आहे. कॅपिटल ‘के’चा क्रमांक ७५, स्मॉल ‘के’चा १०७. देवनागरीत हा भेद नसल्याने तो आपल्या चटकन ध्यानात येत नाही.

समजा, विद्यार्थ्यांनी कारंजा-सोहोळ अभयारण्यातील काळविटांविषयी एक संकेतस्थळ शाळेच्या विंडोज संगणकावर तयार केले. चित्राच्या फाइलचे नाव कॅपिटल ‘के’ने सुरू होते, पानात मात्र ते स्मॉल ‘के’ने लिहिले गेले. शाळेत चित्र व्यवस्थित दिसते. तेच सारे लिनक्सच्या सर्व्हरवर चढवले, की चित्राची जागा रिकामी!

असे का होते? १९८१ च्या डॉसमध्ये नाव कसेही टंकले तरी ते कॅपिटल अक्षरांतच साठवले जाई. पुढे विंडोजने टंकलेले रूप जपले, पण फाइल शोधताना दोन्ही रूपे एकच मानण्याची रीत सहसा कायम ठेवली. लिनक्सने युनिक्सची परंपरा घेतली. तेथे अंक तंतोतंत जुळावे लागतात.

उलटा प्रवास अधिक धोक्याचा आहे. लिनक्सवर अशा दोन फाइली शेजारी नांदतात. विंडोजवर उतरवताना एक दुसरीवर लिहिली जाऊन कोणाची तरी मेहनत पुसली जाऊ शकते.

म्हणून आम्ही सुचवतो, की सर्व नावे पहिल्यापासून स्मॉल अक्षरांतच ठेवावीत. जुने नाव विंडोजवर सुधारताना आधी एखादे निराळे नाव द्यावे, मग हवे ते. कारण नुसता कॅपिटल-स्मॉलचा बदल गिटसारख्या साधनांच्या नजरेतून सुटू शकतो. शेवटी, सर्व पाने एकदा लिनक्सवर उघडून तपासावीत.

वर्गात एक सोपा प्रयोग करता येईल. एकाच फोल्डरमध्ये केवळ पहिल्या अक्षराच्या आकाराने वेगळ्या अशा दोन नावांच्या फाइली करायला सांगा. दुसरी फाइल संगणक स्वीकारतो की नाही, यावरून त्याची रीत मुलांना स्वतःच ओळखता येईल.